आपला माणूस, दिल्लीची खुर्ची

३१ जुलै २०२४ रोजी हरिभाऊ बागडे यांनी राजस्थानच्या राज्यपालपदाची शपथ घेतली, तेव्हा जयपुरातल्या मराठी घरांत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. जोहरी बाजारात आमचे एक स्नेही आहेत, मूळचे विट्याकडचे, सोने गाळण्याच्या धंद्यातले. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हणाले, "सर, आपला माणूस बसला की ओ राजभवनात!" मी विचारले, "मग आता काय होणार?" ते जरा थांबले. म्हणाले, "होणार काय? पण बरं वाटतं."

मलाही बरे वाटले होते, हे आधीच कबूल करतो. परमुलखात राहणाऱ्या माणसाला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फुलंब्रीचे नाव दिसले की बरे वाटतेच. स्नेह्यांनी मग यादीच म्हणून दाखवली: १९८५ ते १९८७ वसंतदादा पाटील, २००४ ते २००७ प्रतिभाताई पाटील, २०१० मध्ये प्रभा राव, आणि आता हरिभाऊ. सांगलीच्या माणसाने दादांचे नाव घेताना आवाज जरा हलका केला, तोही मला आवडला. पण फोन ठेवल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. ही चारही माणसे आयुष्यभर निवडणुका लढलेली. मतदाराच्या दारात हात जोडून उभी राहिलेली, हरलेली, जिंकलेली. आणि जयपूरच्या या खुर्चीवर मात्र चौघेही एकाही मतावाचून आली.

माझी तक्रार या चौघांपैकी कोणाबद्दलही नाही. तक्रार आहे ती आपल्या आनंदाबद्दल, आणि त्याच आनंदाची दुसरी बाजू असलेल्या आपल्या संतापाबद्दल.

तो संताप आठवा. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली आणि लोक चहा घेईपर्यंत मुख्यमंत्र्यांचा शपथविधी उरकलाही. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी पाठवलेली बारा नावे राज्यपालांच्या टेबलावर पडून राहिली, ती ते सरकार जाईपर्यंत. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगितले. ते सांगणे योग्य नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले, पण तोवर सरकार जाऊन दहा महिने होऊन गेले होते. या काळात माझ्या फोनवर महाराष्ट्रातून आलेले संदेश मी आजही विसरलेलो नाही. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीवर होते: भगतसिंह कोश्यारी उत्तराखंडचे आहेत, त्यांना महाराष्ट्र काय कळणार? जुलै २०२२ मध्ये ते जेव्हा म्हणाले की गुजराती आणि राजस्थानी लोकांना मुंबई-ठाण्यातून काढले तर तिथे पैसाच उरणार नाही, तेव्हा तर मी राजस्थानात बसून मराठी म्हणून संतापलो आणि शेजारचे मारवाडी काका मला समजावत होते की आमच्या वतीने त्यांना कोणी बोलायला सांगितले नव्हते.

म्हणजे कोश्यारी परके म्हणून वाईट, आणि बागडे आपले म्हणून चांगले. पण राजस्थानच्या माणसाने काय म्हणावे? त्याच्या दृष्टीने बागडे परकेच. राज्यपाल बाहेरचा असावा हा तर आपल्याकडचा संकेतच आहे. सरकारिया आयोगानेही तो उचलून धरला. परकेपणा हा दोष असेल तर तो प्रत्येक राज्यात ठरवून केलेला दोष आहे. खरा प्रश्न राज्यपाल कुठला, हा नाही. त्याला कोणी निवडले आणि तो कोणाला उत्तर देतो, हा आहे. हा प्रश्न आपण मराठी माणसांनी ना मुंबईत विचारला, ना जयपुरात.

राज्याचा प्रमुख लोकांनी निवडला तर काय होते, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या एका जुन्या निवडणुकीकडे बघावे. १८३९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरपदासाठी एडवर्ड एव्हरेट हे विद्यमान गव्हर्नर उभे होते. मोठे वक्ते, पुढे गेटिसबर्ग येथे लिंकनच्या त्या दोन-तीन मिनिटांच्या भाषणाआधी दोन तास बोलले ते हेच. समोर होते मार्कस मॉर्टन. त्याआधी अनेक वेळा याच पदासाठी उभे राहून पडलेले. लोक एव्हरेटांच्या पक्षावर एका कायद्यामुळे चिडले होते: दारू पंधरा गॅलनांपेक्षा कमी विकायची नाही. म्हणजे श्रीमंताने पिंप घरी न्यावे आणि मजुराने घोटभरही मिळवू नये. त्या राज्यात तेव्हा गव्हर्नर व्हायला निम्म्याहून अधिक मते लागत. ती कोणालाच मिळाली नाहीत तर निवड विधिमंडळाकडे जाई. मोजणी झाली. एकूण मते १,०२,०६६. निवडून यायला हवी होती ५१,०३४. मॉर्टन यांना मिळाली बरोबर ५१,०३४. एकही जास्त नाही.

राज्याची यंत्रणा एव्हरेटांच्या हातात होती. एका मताचा प्रश्न. एखादी मतपत्रिका बाद ठरवायला कितीसा वेळ लागतो? पक्षातली माणसे तसा आग्रहही धरत होती. एव्हरेटांनी निकालाला आव्हान दिले नाही. खुर्ची सोडली.

हा किस्सा मी राजस्थानी मित्रांना सांगतो तेव्हा त्यांना नवल वाटत नाही, कारण त्यांच्याकडे याहून ताजा किस्सा आहे. डिसेंबर २००८ मध्ये प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष सी. पी. जोशी नाथद्वाऱ्यातून उभे होते. मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचे नाव घेतले जात होते. त्यांना मते मिळाली ६२,२१५ आणि प्रतिस्पर्धी कल्याणसिंह चौहान यांना ६२,२१६. एका मताने आमदारकी गेली आणि मुख्यमंत्रिपद अशोक गेहलोतांकडे गेले. तेव्हापासून मत द्यायला कंटाळणाऱ्याला इथे नाथद्वाऱ्याची आठवण करून देतात. आमदार निवडताना एका मताला एवढी किंमत देणारे हेच राज्य, आमदारांनी बनवलेले सरकार ज्याच्या सहीवर अडू शकते त्या माणसाची निवड होताना मात्र मताला काडीची किंमत देऊ शकत नाही. कारण तिथे मतच नाही.

अमेरिकेत असे का झाले आणि आपल्याकडे असे का नाही? त्यांनाही गव्हर्नर साहेब परक्या राजानेच दिले होते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या अनेक राज्यांनी ते पद आधी विधिमंडळाच्या मुठीत ठेवले आणि मग हळूहळू लोकांच्या हाती दिले. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यातही १८५१ मध्ये नवे संविधान होऊन गव्हर्नर थेट लोकांनी निवडायला सुरुवात झाली. अर्थात 'लोक' म्हणजे गोरे पुरुष. स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत. त्या लोकशाहीची आरती ओवाळण्याचे मला कारण नाही. पण त्यांनी राजाची खुर्ची तशीच ठेवून त्यावर फक्त नवा माणूस बसवला नाही. खुर्ची कोण देतो, ही गोष्ट बदलली.

जयपुरात खुर्ची कशी बदलत गेली पाहा. संस्थाने विलीन झाली आणि जयपूरचे महाराज सवाई मानसिंह १९४९ मध्ये राजस्थानचे राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये राजप्रमुखपद रद्द झाले आणि राज्यपाल आले. आधी वंशाने ठरायचे, मग दिल्लीने ठरवायचे. मधली, लोकांनी ठरवायची पायरी आलीच नाही.

ती येणार होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४७ च्या उन्हाळ्यात जो आराखडा मांडला, त्यात राज्यपाल प्रौढ मतदानाने थेट निवडायचा होता, आणि संविधान सभेने ते मान्यही केले होते. १९४८ च्या मसुद्यात दोन पर्याय होते: थेट निवडणूक, किंवा विधिमंडळाने चार नावे निवडावीत आणि त्यातून राष्ट्रपतींनी एक नेमावे. मे १९४९ च्या अखेरीस सभेने दोन्ही पर्याय बाजूला ठेवले आणि राष्ट्रपतींनी नेमणूक करावी, असे ठरवले.

त्यामागची कारणे फालतू नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. प्रांत केंद्रापासून सुटू नयेत, ही नेहरूंची चिंता होती. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री यांच्यात झुंज लागेल, हीही भीती होती. बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे असे की राज्यपालाला स्वतःच्या अशा अधिकारांची शिदोरी जवळजवळ नाहीच. ज्याने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे त्याच्यासाठी एवढा खर्चाचा व्याप कशाला? हा युक्तिवाद त्या दिवशी बिनतोड होता. पण तो एका अटीवर उभा होता: राज्यपाल खरोखरच नामधारी राहील. अट मोडली तर युक्तिवादही मोडतो. ती अट किती लवकर मोडली, हे पाहायला जयपूरइतके चांगले गाव नाही.

फेब्रुवारी १९६७. राजस्थान विधानसभेच्या १८४ जागा. काँग्रेसला ८९, बहुमताला ९३ हव्यात. स्वतंत्र पक्ष, जनसंघ, समाजवादी आणि अपक्ष एकत्र आले आणि त्यांची बेरीज काँग्रेसच्या पुढे गेली. नेते होते डुंगरपूरचे महारावळ लक्ष्मणसिंह, आणि बळ होते महाराणी गायत्रीदेवींचे. राज्यपाल होते डॉ. संपूर्णानंद, उत्तर प्रदेशचे माजी काँग्रेसी मुख्यमंत्री, विद्वान गृहस्थ. त्यांनी अपक्षांना बेरजेत धरायला नकार दिला आणि सर्वांत मोठा पक्ष म्हणून मोहनलाल सुखाडियांना बोलावले. महाराणी म्हणत होती मते मोजा, आणि प्रजासत्ताकाचा राज्यपाल मोजायला तयार नव्हता! शहर पेटले. जमावबंदी, संचारबंदी. जोहरी बाजारात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. १३ मार्चला राष्ट्रपती राजवट आली. सहा आठवड्यांनी ती उठली तेव्हा काही आमदार इकडचे तिकडे झाले होते, आणि शपथ घेतली ती सुखाडियांनीच.

त्या वेळी दिल्लीत गृहमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. आपला माणूस. जोहरी बाजाराला त्याचा काय उपयोग झाला?

दुसरी गोष्ट १९७९ ची. राजस्थानचे तेव्हाचे राज्यपाल रघुकुल टिळक यांच्या नेमणुकीवर खटला झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नव्हे. ते स्वतंत्र घटनात्मक पद आहे. वाचताना छाती फुगते. दोनच वर्षांत, ऑगस्ट १९८१ मध्ये, दिल्लीतली सत्ता बदललेली असताना, त्याच रघुकुल टिळकांना पदावरून काढून टाकले. राष्ट्रपतींची मर्जी संपली, एवढेच. नोकर नव्हे म्हणून गौरवलेल्या माणसाला नोकराला मिळते तेवढीही नोटीस मिळाली नाही.

तिसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची. जुलै २०२०. सचिन पायलट यांचे बंड, आमदार हॉटेलांत. (आमदार लपवायला जयपूर सोयीचे आहे, नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातले काँग्रेस आमदारही इथेच आणून ठेवले होते.) मुख्यमंत्री गेहलोत म्हणत होते अधिवेशन बोलवा, मी बहुमत दाखवतो. राज्यपाल कलराज मिश्र प्रस्ताव परत पाठवत होते: कारण सांगा, एकवीस दिवसांची नोटीस द्या. अधिवेशन मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच बोलवायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलच्या प्रकरणात २०१६ मध्येच सांगून ठेवले होते. २४ जुलैला आमदारांनी राजभवनाच्या हिरवळीवर बसून घोषणा दिल्या. अखेर अधिवेशन भरले १४ ऑगस्टला, आणि सरकार तरले. मधल्या दिवसांत कोणाला काय विकता आले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

त्या दिवसांत मी काय केले? टीव्ही पाहिला. महाराष्ट्रातल्या पहाटेच्या शपथविधीवर पानेच्या पाने लिहिणारा मी, राहत्या शहरात तेच घडताना "इथल्या लोकांचे भांडण" म्हणून गप्प बसलो. त्याहून जुनी एक लाज सांगतो. २००६ मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले आणि राज्यपाल प्रतिभाताईंनी ते सही न करता परत पाठवले. मला ते विधेयक नको होते. शिवाय ताई आपल्या. मी टाळ्या वाजवल्या. आज तमिळनाडू, केरळ, पंजाबची विधेयके राज्यपालांकडे अडकतात तेव्हा मी संविधानाची आठवण काढतो, आणि ती आठवण २००६ मध्ये कुठे गेली होती, असे मला कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. कोणते विधेयक अडले यावरून ज्याचे मत बदलते त्याला तत्त्व आहे असे म्हणता येत नाही. त्याच्याकडे फक्त आवडनिवड असते.

न्यायालय हे मिटवील, अशी आशा होती. एप्रिल २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी तमिळनाडूच्या प्रकरणात राज्यपालांना मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की अशा मुदती न्यायालयाला घालता येत नाहीत. मला यातले दुसरे मत कायदा म्हणून चुकीचे वाटत नाही. वरून नेमलेल्या माणसाला खालून लगाम घालण्याचे काम न्यायालयाचे नाहीच. ते काम निवडणुकीचे आहे.

आता आक्षेप. पहिला: निवडणुकीने माणसे देवदूत होत नाहीत. मान्य. केंटकी राज्यात १८९९ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचा वाद इतका विकोपाला गेला की विल्यम गोबेल यांना जानेवारी १९०० मध्ये गोळी घातली गेली. जखमी अवस्थेत त्यांना शपथ दिली आणि चार दिवसांत ते गेले. पण जोहरी बाजारात १९६७ मध्ये गोळ्या चालल्या त्या राज्यपालाच्या निवडणुकीमुळे नव्हेत. नेमलेल्या राज्यपालाने निवडणुकीचा निकाल वाचायला नकार दिला म्हणून चालल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: निवडून आलेला राज्यपाल मुख्यमंत्र्यावर कुरघोडी करील. यावर मी उलट विचारतो, राष्ट्रपती निवडून येतात ना? खासदार आणि आमदार मिळून त्यांना निवडतात. म्हणून राष्ट्रपती भवन आणि पंतप्रधान यांच्यात रोज मारामारी होते का? प्रतिभाताईंचेच उदाहरण घ्या. जयपूरला त्या एका नेमणूकपत्रावर आल्या. २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या त्या मात्र राजस्थानचेच माजी मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांना मतांनी हरवून. नामधारी पदासाठी निवडणूक कशाला, हा युक्तिवाद देशाच्या सर्वोच्च नामधारी पदाला आपण लावत नाही. तो फक्त राज्यांना लावतो. (त्याही वेळी शिवसेनेने आपली आघाडी सोडून ताईंना पाठिंबा दिला, तो मराठी म्हणून. आपला रोग जुना आहे.)

मग माझे मागणे काय? थेट मतदानाचा आग्रह मी धरत नाही. विधानसभेचे सदस्य आणि जिल्हा परिषदा, महापालिका यांतले निवडून आलेले प्रतिनिधी यांनी मिळून राज्यपाल निवडावा. एकट्या सत्ताधारी पक्षाला आपला माणूस बसवता येऊ नये म्हणून दोन-तृतीयांश मते हवीत. ती जमली नाहीत तर पहिल्या दोघांत राज्यातल्या मतदारांनी निवड करावी. आणि काढायचे तर ते विधानसभेने, तेवढ्याच मतांनी. दिल्लीच्या मर्जीने नाही. यासाठी घटनादुरुस्ती लागेल आणि दिल्लीतला कोणताही पक्ष ती आनंदाने करणार नाही, हे मला कळते. विरोधात असताना राज्यपालांवर बोलणारे सत्तेत आले की राज्यपाल नेमतात. म्हणूनच ही मागणी राज्यांतून, आणि पक्षांच्या बाहेरून उठायला हवी.

२०२५ च्या अखेरीस राजभवनांना 'लोकभवन' म्हणायचे ठरले. नाव छान आहे. पण पाटी बदलायला रंगारी पुरतो. पाटीवरचा शब्द खरा करायला मतपेटी लागते.

जोहरी बाजारातल्या स्नेह्यांचा परवा पुन्हा फोन आला. मंडळी राज्यपालांच्या भेटीला जाणार आहेत, शाल-श्रीफळ घेऊन. तुम्हीही चला, म्हणाले. मी जाणार आहे. बागडे यांनी फुलंब्रीच्या मतदारांकडे मते मागितली आहेत, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष म्हणून पाच वर्षे सभागृह चालवले आहे. सभागृहाने कधी बसायचे हे सभागृहाबाहेरच्या माणसाने अडवले तर कसे वाटते, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. संधी मिळाली तर मी त्यांना एवढेच विचारीन: साहेब, ही खुर्ची तुम्हाला राजस्थानच्या लोकांनी दिली असती, तर जास्त आवडले नसते का?

स्नेह्यांना हे आधी सांगितले. ते म्हणाले, "सर, तिथं असलं काही नका विचारू. आपला माणूस आहे."

म्हणूनच विचारायचे आहे.